फरीदापुढचा ‘डिपेंडंट’ रकाना

दौंडच्या रेल्वे वसाहतीत इंग्रजी अर्ज भरायचा तर हौसरावकडे, म्हणजे माझ्याकडे यायचं, असा रिवाज होता. लोको शेडमधला मी एकटा मॅट्रिक पास कारकून, त्यामुळे मिजासही तेवढीच. ती उतरवली चौथी शिकलेल्या खुर्शिदभाभीनं.

त्रेसष्ट साली तिचा नवरा इनुस, आमच्या शेडमधला फिटर, विलायतेला निघाला. तिथल्या एका कारखान्यानं त्याला नोकरी देऊ केली होती. सोबत भाभी आणि नऊ वर्षांची फरीदा. फरीदा इनुसच्या वारलेल्या भावाची मुलगी. तिची आईही गेलेली. रांगती असल्यापासून तिला भाभीनंच वाढवलेलं.

विलायतेला जायच्या परवानगीच्या अर्जात ‘डिपेंडंट’, म्हणजे कमावत्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा, रकाना होता. मी फरीदापुढं बेधडक ‘मुलगी’ लिहिलं. आपल्याकडे पुतणी म्हणजे लेकच, त्यात विचारायचं काय?

भाभी मात्र प्रत्येक शब्दाला अडून बसायची. तिकडं नोकरी करायला मिळालेलं व्हाउचर, म्हणजे परवाना, कुणाच्या नावावर, किती महिने चालतं! माझं डोकं उठायचं.

"हौसरावभाऊ, ह्या डिपेंडंटचा अर्थ मागं बारीक अक्षरात दिलाय म्हनता ना? मंग वाचा की," ती म्हणाली.

नाइलाजानं वाचलं. पोटची मुलं वेगळी, नातेवाइकांची सांभाळलेली वेगळी. दुसऱ्या प्रकाराला आईवडील हयात नसल्याचे दाखले हवेत, आणि तरीही परवानगी मिळेलच असं नाही.

"मंग खोडा ते."

"अहो भाभी, पोरगी इथंच राहील!"

"ऱ्हायली तर मी बी ऱ्हाईन. पन तिच्या बापाचं नाव पुसून न्हाई न्यायची तिला."

मी चरफडत नवा अर्ज भरला. फरीदाचे आईवडील शिरूरला वारले होते. तिथल्या कचेरीत भाभीनं दोन महिने खेपा घातल्या, कारकुनांची बोलणी खाल्ली, पण दाखले आणलेच.

मुंबईला विलायतेच्या कचेरीत मुलाखत होती, तिथं मीही गेलो. साहेबानं दुभाष्याकरवी थेट फरीदालाच विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव?"

"मीरासाहेब. वारले ते."

जुना अर्ज टेबलावर असता तर तिघंही खोटी ठरून परत आली असती. साहेबानं दाखले उलटसुलट पाहिले, भाभीकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

जिन्यापर्यंत भाभी ताठ चालली. मग पायरीवर मटकन बसली आणि पोरीला छातीशी धरून हमसाहमशी रडली. ह्या बाईला मी शहाणपण शिकवत होतो! लाज वाटली, आणि तिच्या पाया पडावंसं वाटलं.