जिनिंगमधला घेराव आणि माझी मुलाखत

खामगावच्या कॉलेजात कॉमर्स शिकवत असताना मी दूरच्या शहरातल्या एका संस्थेत, व्यवस्थापन विषयात पीएच.डी.साठी अर्ज केला. घरी सांगायची हिंमत झाली नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा सांगावंच लागलं. वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. वाटलं, चिडतील. ते एवढंच म्हणाले, "मी येतो संगं."

जलंबला गाडी बदलली. पाठ केलेली एकही इंग्रजी व्याख्या आठवेना.

"काऊन थरथरून राह्यली?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, वापस जाऊ. मले नाही जमणार."

त्यांनी खिडकी लावून घेतली. परतण्याचं नाव काढलं नाही.

संस्थेत टेबलापलीकडे तीन प्राध्यापक बसले होते. संघटना म्हणजे काय, असं एकानं इंग्रजीत विचारलं. मी पहिलंच वाक्य दोनदा सुरू केलं आणि दोनदा अडखळले. शेवटी त्यांच्यातले वयस्कर प्राध्यापक मराठीत म्हणाले, "व्याख्या राहू द्या. हा विषय का घ्यावासा वाटला?"

मग मी सांगितलं. मी शाळेत असताना मजुरीच्या वादावरून कामगारांनी वडिलांना फॅक्टरीतल्या खोलीत घेरलं होतं. मी डबा घेऊन गेले, तर दाराशी नुसती माणसं. कोणी ओरडत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली. मी रडायला लागले. तेवढ्यात कापूस निवडणारी एक बाई म्हणाली, "पोरीले जाऊ द्या." आणि सगळे बाजूला झाले.

"तिला कोणी पुढारी केलं नव्हतं, सर. तरी तिचं सगळ्यांनी ऐकलं. ते कसं, हे मले... मला शोधायचंय."

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या होता?" दुसऱ्या प्राध्यापकांनी विचारलं.

"मी भ्याले होते. वडिलांना मारतील म्हणून, आणि पोलीस आले तर त्या बाईचं काय होईल म्हणूनही."

वयस्कर प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "या तुम्ही," म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं.

बाहेर बाकावर वडील बसले होते. मी काय बोलले ते त्यांना सांगितलं. त्या घेरावाचा विषय आमच्या घरात कधीच निघाला नव्हता. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मीबी लय भेलो होतो," ते म्हणाले.

पुढे निवड झाल्याचं कळलं. आईनं साखर वाटली. मी मात्र जलंबच्या गाडीची वेळ पुन्हा पुन्हा बघत बसले. आता खरंच जावं लागणार होतं, आणि या वेळी एकटीनं.