मामीचा काटा

माझा मामा गाड्यांचा मेकॅनिक. चाळीस वर्षं हात काळे केलेला, बोलायला फटकळ, पण कामात चोख. मामीने पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकायचं मनावर घेतलं तेव्हा त्यानेच तिला एक जुनी गाडी नीट करून दिली. ती गाडी घेऊन मामी शिवणकाम शिकवायला जाऊ लागली.

दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"अहो, इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम लाल रेषेवर गेलाय. मी गाडी पुढे सपाटीला घेऊन बंद केलीय."

मामा धावत गेला. बघतो तर इंजिन जेमतेम कोमट. गाडी सुरू केली, काटा आपल्या नेहमीच्या जागी. असं तीनदा झालं. त्याने पाणी तपासलं, पंखा तपासला. मग तापमान मोजणारा सेन्सर काढून मामीच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात टाकला, पातेलं गॅसवर ठेवलं आणि मीटर लावून बसला. पाणी तापत गेलं तसा मीटरवरचा रोधाचा आकडा उतरत गेला, आणि तापल्यावर तो उतरायलाच हवा. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. तरीही त्याने नवा बसवला. पातेलं गेलं ते गेलंच, आणि चौथ्या दिवशी पुन्हा फोन.

"माझ्या हातात कधी असं होत नाही," मामा म्हणाला. "तू घाबरतेस, दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी चावी उचलून म्हणाली, "आज तुम्ही शेजारी बसा. आणि मध्ये बोलू नका."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण बायको चालवतेय आणि आपण बाजूला, हे मामाला नवीनच होतं. त्याचा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. शिवणवर्गाच्या अलीकडे चढावर एक तीव्र डावं वळण आहे. मामाच्या रोजच्या वाटेवर ते लागतच नाही. मामीने स्टिअरिंग फिरवलं आणि काटा टुणकन लाल रेषेवर गेला.

"थांब इथेच. चावी चालू ठेव."

त्याने बॉनेट उघडून सेन्सरची वायर उपसली. "आला का काटा खाली?"

"नाही. तिथेच आहे."

सेन्सर काढूनही काटा वरच, म्हणजे खोट वायरमध्ये. मामा बोटाने वायर चाचपत गेला. बॅटरीमागे एका लोखंडी पट्टीवर घासून तिचं आवरण सोलवटलं होतं. त्या वळणावर इंजिन जरा कललं की उघडी तार पट्टीला टेकायची आणि काट्याला वाटायचं, इंजिन पेटलं.

त्याने तिथल्या तिथे चिकटपट्टी गुंडाळली, वायर बाजूला बांधली. बॉनेट लावून हात पुसत तिच्या खिडकीशी आला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो. बसा आता, माझ्या बायका खोळंबल्यात."

हल्ली मामीच त्याला गॅरेजवर सोडते. तो तिच्या शेजारून उतरतो तेव्हा पोरं आपसात हसतात. मामा त्यांना हसू देतो आणि मामी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत दारातच रेंगाळतो.