सुरगाण्याच्या गाडीचं कमी झालेलं डिझेल

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कधी लपवलं नाही. दूधवाल्याने दूध ओतलं की मी एक थेंब नखावर घेऊन बघते, ओघळतो की टिकतो. गॅसची टाकी आली की दारातच हलवून बघते, मग सही करते. नवरा म्हणायचा, "यम आला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील." मी म्हणायचे, "मागणारच. घर चुकला असेल तर?"

अशा बाईला नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कुरियर कंपनीने गाड्यांच्या नोंदी ठेवायला बसवलं. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला! द्वारका चौकाजवळ आमचं गोदाम होतं. पुढे काउंटर, मागे पाकिटांचे ढीग, आणि मधे माझं टेबल. कोणती गाडी कुठे गेली, किती पाकिटं नेली, कोणी सही करून घेतली, किती डिझेल लागलं, हे सगळं माझ्या वहीत. गाड्यांची मीटरं कायमची बंद पडलेली, त्यामुळे ड्रायव्हरला पकडायचं साधन एकच, डिझेल.

आणि मी पकडायचे! नळी लावून कॅन भरणारे, "घाटात गाडी लई खाती हो ताई" म्हणून हळहळणारे, गाडी गॅरेजात असतानाही पंपाची पावती आणणारे, सगळे मला पाठ होते. ड्रायव्हर लोक मागे मला सीआयडी म्हणायचे. मला ते ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

सुरगाण्याच्या लाइनवर एक ड्रायव्हर होता. नामपूरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. बोलला की बागलाणी हेल. सात-आठ वर्षं टेम्पररीच होता, आणि त्या वर्षी त्याला कायम करायची फाइल मॅनेजरच्या टेबलावर पोचली होती. बायको-पोरं गावी. थोरली मुलगी गणितात हुशार होती, गावचे मास्तर म्हणत होते हिला नाशिकला घाला. "कायम झालो का खोली घेस, न पोरीले अठे आणस," हे त्याने गोदामातल्या प्रत्येकाला एकदा तरी सांगितलं होतं. मलाही.

दिवाळीनंतर वही चाळताना माझं बोट थांबलं. सुरगाण्याच्या गाडीचं डिझेल कमी झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं दिसण्याइतकं. मागचा महिना पाहिला, तिथेही कमी. गाडी तीच, रस्ता तोच, दिंडोरी, वणी आणि पुढे डोंगर चढून सुरगाणा. घाट काही सपाट झाला नव्हता.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, वाचलं. मी मात्र वही मिटली नाही. वाढलेलं डिझेल मला कळत होतं. जास्त लागलं म्हणजे चोरी, इतकं सोपं. पण कमी? कमी लागलं याचा अर्थ एकच, गाडी सुरगाण्याला जातच नाही. आणि सुरगाण्याच्या पाकिटांवर सह्या तर रोज येत होत्या, औषधाच्या दुकानाच्या, शाळेच्या, बियाणंवाल्याच्या. गाडी जात नाही, मग सह्या कोण करतं? हाच, बसून, दोन-तीन पेनांनी! मी जुन्या आणि नव्या सह्या शेजारी ठेवून भिंगाने पाहिल्या. सारख्याच दिसल्या. तेव्हा तर माझी खात्रीच पटली, कारण इतकं हुबेहूब जमणारा माणूस साधा नसतो.

त्याला विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. अहो, चोराला विचारणं म्हणजे त्याला सावध करणं. निदान मला तरी तसं वाटायचं.

मी सुट्टी टाकली. सप्तशृंगीच्या दर्शनाला जाते म्हणून घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे खोटं बोलले, ते सुद्धा देवीचं नाव घेऊन. सकाळच्या एसटीने वणीला उतरले आणि स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर पदर डोक्यावरून घेऊन बसले. दोन चहा झाले तेव्हा आमचा टेम्पो आला. वणीची पाकिटं वाटून त्याने तो बाभळीच्या सावलीत लावला. तिथे सुरगाण्याची जीप भरत होती. दिंडोरीच्या द्राक्षबागांतून घरी परतणारी माणसं, गाठोडी, पातेली, कोंबड्या, सगळं एकात एक. आमच्या ड्रायव्हरने एक लहानशी कापडी पिशवी जीपवाल्याच्या हातात दिली. जीपवाल्याने ती आपल्या सीटखाली सरकवली. आमचा माणूस टेम्पोत जाऊन भाकरीचं फडकं सोडून बसला.

"सापडला!" मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. इतक्या जोरात की टपरीवाल्याने विचारलं, काय हरवलं होतं ताई?

पण मी अर्धवट काम करणारी नव्हे. मी त्याच जीपमध्ये चढले. दोन बायकांच्या मधे, मांडीवर कोणाचं तरी नागलीचं गाठोडं घेऊन मी सुरगाण्यापर्यंत गेले आणि सारं लक्ष सीटखालच्या पिशवीवर. जीप पोचली. जीपवाला उतरला आणि पिशवी घेऊन चालत निघाला, मी मागे. औषधाचं दुकान, सही. शाळा, सही. तिसरं पाकीट बियाणंवाल्याचं होतं. तो जेवायला घरी गेला होता, तर हा त्याच्या घरी गेला. सह्या खऱ्या होत्या. सगळ्या.

मी शेवटी न राहवून विचारलं, "दादा, हे नेता त्याचं तुम्हाला काय मिळतं?"

त्याने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. "काय मिळायचं? जीप तं रोज येतेच ना."

आता हे सगळं डोळ्यांनी पाहून मी परत यायला हवं होतं आणि गप्प बसायला हवं होतं. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, फुकट कोणी कोणासाठी काही करत नाही, यात अजून खोल काहीतरी आहे. आणि नियम तर नियम होता. कंपनीचा माल परक्या हातात द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी तीन ओळी लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या, नेमक्या त्याला कायम करायच्या फाइलवर.

मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. ड्रायव्हरने काहीच नाकारलं नाही. "साहेब, सुरगाण्याची पाकिटं रोजची दोन, लई झाली तं तीन. तेवढ्यासाठी आख्खा टेम्पो घाट चढवायचा, काळा धूर सोडत. मागून येणाऱ्या बाया नाकाले पदर लावतस. चार आण्याची कोंबडी न बारा आण्याचा मसाला! जीप जातच शे, भरेल शे, तिले दोन पाकिटांचं काय वझं? येवढा धूर कशाला करायचा उगा?"

"मग सांगितलं का नाहीस?" मॅनेजर म्हणाले.

"कोनी इचारलंच नाही." मग तो माझ्याकडे वळला. रागाने नाही, आणि तेच मला जड गेलं. "ताई, तुम्ही इचारलं असतं तं मी सांगितलं असतं ना."

मॅनेजर वाईट नव्हते, पण भित्रे होते. पाकीट गहाळ झालं असतं तर, हा एकच प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. गहाळ एकही झालं नव्हतं. तरी फाइल परत गेली, महिनाअखेरीला ड्रायव्हरला कामावरून काढलं आणि तो नामपूरला गेला. जाताना किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेला.

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हे लिहायला आज लाज वाटते, पण लागलं. नवा ड्रायव्हर आला, टेम्पो पुन्हा घाट चढू लागला, डिझेलचा आकडा जागेवर आला, आणि मी समाधानाने वही मिटली.

दोन हजार साल उलटून गेलं. कंपनी मोठी झाली, वही गेली, संगणक आला. मग एकदा मुख्य ऑफिसातून एक तरुण साहेब लॅपटॉप घेऊन आले. भिंतीवर हिरव्या पानांची चित्रं लावली आणि कंपनी आता पर्यावरणाची काळजी घेणार असं जाहीर केलं. माझे कान लगेच टवकारले. भिंतीवर झाड आलं की खाली कोणाची तरी खुर्ची जाते, असा माझा हिशोब. पण साहेब बोलत होते ते साधं होतं. प्लास्टिकच्या पिशव्या बंद, कापडी पिशव्या पुन्हापुन्हा वापरायच्या. रिकाम्या गाड्या पळवायच्या नाहीत. दोन पाकिटांसाठी गाडी डोंगरात न्यायची नाही, त्या रस्त्याने जी गाडी तशीही जाते तिच्यातून पाठवायची. उदाहरण म्हणून त्यांनी पडद्यावर नाव आणलं, सुरगाणा.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील, मला आठवत नाही.

आधीचं आणि नंतरचं डिझेल शेजारी दाखवायला त्यांना जुन्या वह्या हव्या होत्या. मी माळ्यावरून काढून दिल्या, धूळ पुसून. संध्याकाळी ते वही उघडीच घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हे दोन-तीन महिने बघा. इथे कोणीतरी हे आधीच केलंय! कोण होता हा ड्रायव्हर?"

मी सांगितलं. काढून टाकला, तेही सांगितलं.

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"डिझेल कमी लागलं म्हणून."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग माझा चेहरा पाहून हसू थांबलं. जाण्याआधी त्यांनी त्या ड्रायव्हरच्या नावे एक पत्र टाइप करून दिलं. ग्रामीण भागाच्या सगळ्या लाइन नव्याने लावायला माणूस हवा आहे, कायम नोकरी, यावं. "पोस्टाने पाठवा," म्हणाले. मी म्हटलं, मी स्वतः नेते. त्यात चांगुलपणा नव्हता. पत्र पोचलं की नाही याचा मला भरवसा वाटेना, एवढंच.

नामपूरला मार्केट यार्डात तो सापडला. कांद्याच्या गोण्या भरलेल्या पिकअपला दोर आवळत होता. केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं आणि आधी चहा मागवला. पत्र दोनदा वाचलं, घडी घातली.

"मुलगी काय करते?" मी विचारलं.

"दिली. देवळ्याकडे. दहावीनंतर शाळा सुटली तिची." पत्राची घडी बोटांनी दाबत म्हणाला, "आता खोली घेऊन काय करू ताई, कोनाले आणू?"

पत्र त्याने माझ्या हातात परत ठेवलं. मी ते पर्समध्ये ठेवलं. मग तो म्हणाला, "एक इचारू का? राग नका मानू. ते वाचेल डिझेल मी रोज काढीसन इकलं असतं, तं?"

मी वहीच्या बाईसारखंच उत्तर दिलं. "तर आकडा नेहमीचाच आला असता."

"न मंग?"

"मग मी तुला पकडलं नसतं."

त्याने मान हलवली, जसं काही हे त्याला कधीच माहीत होतं आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. चहाचे ग्लास उचलून टपरीवाल्याला दिले. मी एसटीची वेळ विचारली तर त्याने यार्डाच्या फाटकातून निघालेली एक गाडी हाताने थांबवली आणि दार उघडून धरलं. "नाशिकलेच जाई राहिनी. बसा ताई, गाडी जातच शे."

मी बसले. गाडी निघाली आणि माझे डोळे सवयीने डिझेलच्या काट्यावर गेले. मला माझी इतकी लाज वाटली की सटाणा येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले.