सत्काराच्या दिवशीच सूनबाईनं लेख मागे घेतला

मोहल्ल्यातल्या मंडळींनो, दुपारी घडलेलं अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लगेच वाचनालयाच्या फळ्यावर लिहून राहिलो.

माझी सून सुमन शिक्षणावर संशोधन करते. पाढे एका सुरात म्हटले की मुलांचे पक्के होतात, हा तिचा लेख गाजला. पार रामटेकपर्यंतच्या शाळांनी ती रीत उचलली. पुढच्या आठवड्यात तिची बढतीची मुलाखत आहे, तीही त्याच लेखाच्या भरवशावर. आज शिक्षकांनी तिचा सत्कार ठेवला होता.

शाल झाली, नारळ झाला. सुमन बोलायला उठली. "माझा निष्कर्ष चुकला. तो लेख मी मागे घेते," ती म्हणाली. "मुलांना मी पुन्हा एकेकटं तपासलं. कच्ची मुलं घोळक्यात नुसते ओठ हलवतात."

मुलाखत घेणारे साहेब पहिल्याच रांगेत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मागून एक हेडमास्तर ओरडले, "काहून सांगता बाई आता? आम्ही तर सारी शाळा कामाले लावली!"

"म्हणूनच सांगते, गुरुजी. कोणी वाचलाच नसता, तर गप्प बसले असते."

एकही टाळी वाजली नाही.

रिक्षात तिनं हळूच विचारलं, "बाबा, आठवडाभर थांबायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "दुधात माशी दिसल्यावर पाहुण्याले पेला कसा देशील वं?"

बोललो खरा, पण जीव माझाही टांगणीला आहे. नारळ तिनं देवापुढे ठेवलाय, फोडू देत नाही.

तुम्ही आठवडाभर थांबला असता का? खाली जागा सोडली आहे. खडू तिथंच आहे.