विरजण नावाचा कर्नल

दही लावण्याआधी मी चमचाभर जुनं दही वाटीत काढून ठेवते. काल लेक म्हणाली, "आई, जस्ट बाय इट ना!" आणि मला अबुधाबीतलं ते जुनं ऑफिस आठवलं. एसीचा धुळकट वास, आणि माझ्या पाठीशी उभा मॅनेजर.

त्या दिवशी दुपारी टेंडर भरायचं होतं आणि सगळे कागद एका लिनक्स सर्व्हरवर होते. तो रखडायला लागला म्हणून मी त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, हलका करून नव्याने कंपाइल केला होता. "जुना खलास कर, डिस्कवर जागा नाही," शेजारचा समीर म्हणाला. माझा हात धजेना. मी जुना राहू दिला आणि त्याला नाव दिलं, विरजण.

मशीन रीस्टार्ट केलं. अक्षरं भराभर धावली आणि मधेच थिजली. कर्नल पॅनिक, म्हणजे गाभाच कोलमडला! हलका करण्याच्या नादात डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हरच मी वगळला होता.

"यल्ला, यल्ला!" मॅनेजर घड्याळावर बोट आपटत होता. मी मशीन पुन्हा चालू केलं. कुठला कर्नल, असा प्रश्न स्क्रीनवर येताच घामेजल्या बोटांनी 'विरजण' टाइप केलं. स्पेलिंग चुकलं. पुन्हा केलं. डिस्क कुरकुरली, लॉगिन आलं आणि टेंडर वेळेत गेलं.

संध्याकाळी पुण्याला आईला फोनवर हे सगळं सांगितलं.

"म्हणजे दही लागलंच नाही?" तिने विचारलं.

"नाही गं."

"विरजण आहे ना शिल्लक? मग उद्या परत लाव."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आठवणीने घालून मी नवा कर्नल परत लावला.