मामाजींची डबल बेल

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तोंडाने 'हो' म्हणत नसत. ताट, दार, खुर्चीचा दांडा, जे हाताशी असेल त्यावर बोटाने टक-टक करत. एकच टक केलं तर 'थांब'. अकोला-अमरावती गाडीवर एसटीत कंडक्टर म्हणून सगळा जन्म गेलेला; एक बेल थांबायची, डबल बेल निघायची. निवृत्त झाले, पण घंटी काही सुटली नाही.

आमची ओवी दीड वर्षाची झाली तरी बोलेना. माझा जीव नुसता टांगणीला. कान तपासले, ते उत्तम. मग कुठेतरी वाचलं, की बाळं शब्दांआधी हातांनी बोलतात आणि मोकळ्यावर खेळताना खुणा लवकर शिकतात. जठारपेठेजवळच्या बागेत रोज संध्याकाळी मी मोबाइलवर पाहून शिकवू लागले. दोन्ही हातांची बोटं जुळवली की 'अजून', पंजे हलवले की 'संपलं'. ओवी माझ्या हातांकडे बघून जांभई द्यायची.

मामाजी बाकावरून हे पाहायचे. एक दिवस उठले, झोक्याच्या दांड्यावर टक-टक केलं आणि झोका दिला. ओवी खिदळली. झोका थांबला, तर तिनेच दांड्यावर इवल्या हाताने दोनदा थापटलं.

"पाह्यलं का सूनबाई? पोरगी बोलून राहिली!"

मला रडूच आलं.

तिथून घरात जो गोंधळ सुरू झाला, तो काही विचारू नका. झोक्यावर 'चला' आणि 'अजून' एकच, त्यामुळे बागेत कोणाचं अडेना. घरी मात्र ओवीने ताट वाजवलं की मला कळेना, वरण अजून हवंय की उठायचंय. एकदा वलगावचे पाहुणे बसलेले असताना तिने टीपॉयवर टक-टक केलं. त्यांना मामाजींची भाषा ठाऊक. बिचारे उठून चपला शोधू लागले.

"बसा हो," मामाजी म्हणाले, "ते बिस्कूट मांगून राहिली."

मी वैतागले. "मामाजी, डबल बेलचा काहीतरी एकच अर्थ ठरवा ना."

"घंटी वाजवणं कंडक्टरचं काम, पोरी. समजणं डायवरचं."

ओवीचा पहिला शब्द यायच्या आतच मामाजींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ओवीला दवाखान्यात नेलं. तिने पलंगाच्या दांड्यावर टक-टक केलं. मामाजींनी माझ्याकडे पाहत डाव्या हाताने, अगदी हळू, टक-टक केलं.

"जा म्हणून राहिले आबा," नवरा म्हणाला. "पोरगी दमली."

मला वाटलं, अजून बसा म्हणत असतील. उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी निघालो. सकाळी ते गेल्याचा फोन आला.

ओवी आता इतकी बोलते, की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. एकदा तिला विचारलं, "आबा तेव्हा काय म्हणाले होते गं?" तिला तो दिवसच आठवत नाही. मला मात्र ते पलंगावरचं बोट रोज आठवतं, आणि त्या संध्याकाळी डायवर मी होते, हेही. मामाजींची फार आठवण येते, आणि तीही अशी घोटाळ्यातच टाकते.

परवा बागेत अंधारून आलं, घरी निघायची वेळ झाली. इतकी बोलकी पोर, पण काही न बोलता तिने झोक्याच्या दांड्यावर टक-टक केलं. मी काही विचारलं नाही. झोका दिला.