मुलीचं दूध तोडलं ते दिवस

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिच्याकडं एकच शब्द होता. 'दुदू.' बाकी काही हवं असलं की ती माझं मनगट धरायची आणि माझाच हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची, तोंडाकडं न बघता. दुधासाठी मात्र ती बोलायची, शेवटचा उकार लांबवून.

आम्ही किकवीला राहायचो. आमचे हे वरव्याजवळच्या एका कंपनीत कामाला, दारात म्हैस. पोरगी दूधचपाती, दुधात बुडवलेलं बिस्कीट आणि दही एवढंच खायची. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी ऑटिझम असं कागदावर लिहून दिलं. येताना एसटीत हे तो कागद उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे.

त्याच दवाखान्याच्या बाकावर एका मुलाचे वडील भेटले होते. म्हणाले, "गहू आणि दूध पूर्ण बंद करा. आमचा पोरगा सहा महिन्यांत बोलायला लागला." त्यांनी पथ्याच्या माहितीची एक झेरॉक्सही दिली. मी ती डॉक्टरबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "याची खात्री कुणी देणार नाही. करायचंच असेल तर वजनावर लक्ष ठेवा." मला त्यातलं 'करायचंच असेल तर' एवढंच ऐकू आलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या म्हणाल्या, "एवढंच तर खाती ती. त्ये बी तोडलंस तर काय ऱ्हाईल?"

"आत्या, ती बोलंल."

त्या उठून म्हशीला वैरण टाकायला गेल्या.

दारात म्हैस असताना हे जमणार नव्हतं, म्हणून मी पोरीला घेऊन विंझरला माहेरी गेले. आईकडं जनावरं राहिली नव्हती. तांदूळ, नाचणी घरची. आईनं स्वतःचा चहासुद्धा कोरा केला.

पहिल्या दिवशी मुलीनं माझा हात पातेल्यावर नेऊन ठेवला. "दुदू."

"संपलं, बाय."

तिनं पातेलं उचलून आत बघितलं. मग दुसरं उचललं. मग फडताळातलं एकेक भांडं खाली काढून प्रत्येकाच्या तळाशी बघत बसली. दुपारी आईनं तांदळाची पेज भरवायला घेतली, तर तिनं ओठ मिटले आणि स्वतःचं मनगट चावलं. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. "लई झालं गं," आई म्हणाली, "मला बघवंना." मी पिशवीतली ती झेरॉक्स आईला वाचून दाखवली. पहिले दिवस अवघड जातात, असं त्यात लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका किटली घेऊन डेअरीकडं निघाले होते. पोरगी अनवाणी धावत रस्त्यावर गेली आणि तिनं किटलीचं झाकण धरलं. काका थांबले. "देतो की घोटभर. लेकरू हाय."

"न्हाई काका. औषध चालू हाय तिचं."

मी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला खांद्यावर टाकलं आणि घरात आले. माझ्या पाठीमागं, किटली लांब जात असताना, ती म्हणाली, "दुदू." रडून नव्हे. नेहमीसारखंच.

तो शब्द मी नंतर कधीच ऐकला नाही.

चौथ्या दिवशी तिनं तांदळाच्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि गिळला. मी आणि आई एकमेकींचे हात धरून रडलो. त्या आनंदात दोन दिवस गेले. मग भांडी लावता लावता आईच म्हणाली, "आता ती मागत न्हाई, व्हय गं?"

तीन महिने आम्ही पथ्य पाळलं. पोट सुधारलं, झोप लागायला लागली, हे खरं आहे. पण बोलणं आलं नाही आणि वजन उतरलं. डॉक्टरबाईंनी थांबवायला सांगितलं. मी शब्दाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "काही मुलांचे आलेले शब्द असेच जातात. पथ्यामुळं गेला असं मी सांगू शकत नाही." कागदावर वजन लिहीत म्हणाल्या, "आणि पथ्यामुळं नाही गेला, असंही नाही सांगू शकत."

किकवीला परतल्यावर आत्यांनी ताजं दूध तापवून निववलं, पेला भरून पुढं केला. मी, हे आणि आत्या, तिघं तिच्या तोंडाकडं बघत उभे होतो. तिनं तो तळापर्यंत प्यायला, खाली ठेवला आणि अंगणात निघून गेली.

पुढं कित्येक वर्षं भांडी घासताना नळाच्या धारेत मला तो लांबवलेला उकार ऐकू यायचा. मी नळ बंद करून वळायचे, "काय गं?" ती दाराशी खडे मांडत बसलेली असायची, पाठमोरी.

ती अकरा वर्षांची असताना भोरची एक मुसलमान बाई लेकाला कडेवर घेऊन आमच्याकडं आली. तिला कुणीतरी तेच पथ्य सांगितलं होतं. "ताई, तुमी केलं होतं ना? फरक पडतो का?"

मी तिला पोटाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. डॉक्टरांना विचारून कर, वजन बघत जा म्हणाले. ती खुश झाली. रस्त्यावरच्या त्या सकाळचं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. तिचा मुलगा तिच्या गळ्यातले मणी ओढत होता आणि ती हसत हसत त्याच्या मुठीतून ते सोडवत होती. मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "येते ताई, गाडी चुकंल," आणि फाट्याकडं निघाली. मी दारात उभी राहून बघत होते. तिला हाक मारली नाही.